खोकून दाखवा, मिस्टर हॅस्किन्स

"डॉक्टरबाई, त्या आलुबुखारानं तुमचं काय घोडं मारलंय?" फर्नांडा ओरडली तेव्हा मी हाताकडे पाहिलं. उजव्या हातात जांभळा लगदा होता, रस मनगटापर्यंत आला होता आणि कोटाच्या बाहीत शिरायच्या बेतात होता. मी फळं निवडत होते. नेहमीसारखं अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून, किंचित दाबून, पिकलंय का ते बघत होते, आणि बघता बघता त्याचा चेंदामेंदा करून टाकला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. फर्नांडा गल्ल्यावरून फडकं घेऊन आली. अझोरेस बेटांवरची बाई, नवरा गेल्यापासून दुकान एकटी सांभाळते आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही. "वर डोंगरावरच्या हॉस्पिटलात माणसंही अशीच पिळता का?" असं म्हणत तिने माझा हात लहान मुलाचा पुसावा तसा पुसला. मी हसले. हसायला मला पैसे पडत नाहीत. फडक्याचा गार ओलेपणा तळहाताला लागला, करंगळीला लागला. अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांनाही तो लागत असणार, कारण फडकं तिथे फिरताना मला दिसत होतं.

बार्टन स्ट्रीटवरून घरी येताना मी हात कोटाच्या खिशात ठेवले. खिशात किल्ली होती हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी हिवाळ्यापासून शिकत होते, आणि शिकतेय हे स्वतःला सांगत नव्हते. आधी कोटाची बटणं अवघड झाली. मी म्हटलं, थंडी. मग झोपेतून उठताना मुंग्या येऊ लागल्या. मी म्हटलं, हातावर झोपले असेन. मग उन्हाळा आला, थंडीचं निमित्त संपलं, तेव्हा मी म्हटलं, वय. मी सर्जन आहे, मला या गोष्टीचं नाव माहीत आहे, कारण माहीत आहे, उपाय माहीत आहे. मनगटातून जाणारी नस दबते. ती मोकळी करता येते. लवकर केली तर जाणीव परत येते, उशीर केला तर येईलच असं नाही. दुसरी कुणी बाई हेच सांगत माझ्यासमोर बसली असती तर मी तिला म्हटलं असतं, अहो, इतके दिवस काय झोपा काढत होतात? पण स्वतःची गोष्ट आली की माणूस आपल्या बाजूने वकील लावतो. माझा वकील फार हुशार होता. तो म्हणायचा, पकड शाबूत आहे ना? सुई हातातून पडली का कधी? नाही ना? मग झालं तर.

आमच्या हॉस्पिटलात एकच काम चालतं. पोटाच्या भिंतीला जिथे भोक पडतं, आतडं जिथून डोकं बाहेर काढतं, ती जागा आम्ही शिवतो. दुसरं काही करत नाही. लोक ओंटारियोच्या कानाकोपऱ्यातून येतात, जांघेतला तो हर्नियाचा गोळा पट्ट्याखाली दाबून धरत येतात. बाकी जगात आता भोकावर जाळी बसवतात. तीन छिद्रं पाडायची, आत दुर्बीण घालायची, जाळी पसरायची, संध्याकाळी माणूस घरी. जाळीवाले मूर्ख नाहीत, ते मला कळतं. पण आमची रीत जुनी आहे. आम्ही माणसाचंच मांस वापरतो. भिंतीचा आतला थर उघडायचा, ढिला झालेला भाग आत ढकलायचा आणि दोन्ही काठ एकावर एक घेऊन बारीक पोलादी तारेने शिवायचे, कोटाच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींवर याव्यात तसे. शिवण खालून वर जाते, वरून खाली येते, मग त्यावर पुन्हा एकदा. सगळ्यात वरच्या टोकाला एक वाट मोकळी ठेवावी लागते, तिथून पुरुषाची वीर्यनळी आणि रक्तवाहिन्या खाली उतरतात. वाट घट्ट झाली तर खालचं रक्त अडतं, सैल राहिली तर आतडं पुन्हा डोकावतं. किती घट्ट, किती सैल, हे मोजायला यंत्र नाही. बोट आहे. पेशंटला पूर्ण भूल नसते, फक्त त्या जागेपुरती असते. तो जागा असतो, मधे हिरव्या कापडाचा पडदा, पलीकडून तो गप्पा मारत असतो. शेवटी सर्जन वाटेत बोटाचं टोक ठेवते आणि म्हणते, खोकून दाखवा. तो खोकतो. त्या वेळी बोटाला जे कळतं त्यावर ठरतं, बंद करायचं की उसवायचं.

मला हे म्हाताऱ्या टेटने शिकवलं. ऑर्व्हिल टेट, तंबाखूचा वास येणारा, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्याने माझं मनगट धरून माझं बोट एका खाणकामगाराच्या पोटाच्या उघड्या भिंतीत, त्या भोकावर नेऊन ठेवलं आणि पडद्याकडे बघून ओरडला, खोक रे बाबा. आणि आतून टिचकी आली. कुणीतरी दाराच्या पलीकडून एका बोटाने वाजवावं तशी. मी दचकले. टेट हसला, म्हणाला, "घाबरू नकोस पोरी, ते आतडं आहे, चावत नाही. हे बघ, डोळा चापलूस असतो, तुला जे बघायचं असतं तेच दाखवतो. बोटाला चापलुसी येत नाही." मी घरी आले आणि अँड्रेसला, तेव्हा तो माझा नवरा होता, ती टिचकी समजावून सांगत बसले. तो शाळेत भूगोल शिकवायचा. बिचारा ऐकून घ्यायचा. पुढे रेन पोटात होता तेव्हा एका दुपारी आतून तशीच टिचकी आली, पण उलट्या बाजूने. मी अँड्रेसचा हात तिथे धरला. त्याचे डोळे भरून आले, आणि मला आठवतं, मी त्या वेळी पोटाच्या भिंतीच्या थरांचा विचार करत होते, त्यातला कुठला थर यामुळे हलतो याचा. आम्ही पुढे वेगळे झालो ते भांडून नव्हे. तो म्हणाला, एल्वे, तू घरी येतेस पण तुझी बोटं येत नाहीत. मला ते वाक्य तेव्हा अतिशय नाटकी वाटलं होतं. अजूनही वाटतं. रेन आता व्हँकुव्हरला असतो, नाताळला फोन करतो, मी हवामान विचारते.

आलुबुखार चेचलं त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. उद्याच्या पेशंटना आदल्या संध्याकाळी भेटायचं असतं. चहाची खोली तेव्हा भरलेली असते. काल शिवलेले आणि उद्या शिवायचे, सगळे एकाच टेबलाशी, झग्यात, हे इथलं मुद्दाम ठरवलेलं आहे. कालचे लोक पोटावर हात धरून, कमरेत वाकून, पाय घासत चालतात आणि नव्यांना ऐकवतात. "अरे हसवू नकोस रे बाबा, टाके तुटतील." "बाईंच्या हातात पडलास? सुटलास. त्या बोलत नाहीत, पण शिवतात छान." नवे लोक बिस्किटं खात कसनुसं हसतात. हॅस्किन्स त्यांच्यात वेगळा दिसत होता, एक तर उंचीमुळे आणि दुसरं म्हणजे तो हसत नव्हता. वेंडेल हॅस्किन्स, सू सेंट मेरीचा, बोटी आणि बोटींची इंजिनं विकणारा. त्याला एकदा दुसरीकडे शिवलं होतं. इंजिन उचलताना उसवलं. एकदा उसवलेला माणूस पुन्हा शिवायचा म्हणजे आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, थर ओळखू येत नाहीत, जुने टाके मधेच लागतात. असे पेशंट वर्षानुवर्षं माझ्या नावावर टाकले जातात. ती इथली पद्धत आहे. मला तिचा अभिमानही आहे.

"डॉक्टर, एक विचारू?" तो मला खिडकीशी घेऊन गेला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज खाली आला होता. "पुन्हा उसवलं तर मी काय करू? दोन वर्षं पट्टा बांधून फिरतोय. नात उचल म्हणते, उचलत नाही. धक्क्यावर उभा राहतो आणि पोरांना सांगतो, तिकडून धरा, इकडून धरा. बायको म्हणते, तू आता नुसता मुकादम झालायस. मला धंदा विकायला लागेल हो."

"जाळीचा विचार केलात?"

"माझ्या मेव्हण्याला बसवली. तो अजून खुर्चीत तिरका बसतो. नको. मला तुम्हीच शिवा. सगळे म्हणतात, तुमचा हात चांगला आहे."

मी म्हणायला हवं होतं, एक मिनिट. मी म्हणायला हवं होतं, उद्या डॉक्टर ड्वायर शिवतील, मी शेजारी उभी राहीन. वाक्य तोंडात तयार होतं, त्याची चवसुद्धा लागली. पण ते म्हटलं की परवाही तेच म्हणावं लागणार, आणि तेरवाही, आणि मग मी सकाळी डोंगर चढून इथे कशाला येणार? मला भीती वाटली. साधी भीती, टेबलावर चढताना या लोकांना वाटते तसली. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "काळजी करू नका. झोपा." खांदा हाताला लागला की नाही याकडे मी लक्ष दिलं नाही.

दाराशी कॉल्म ड्वायर भेटला, माझ्या हाताखालचा सर्जन. न्यूफाउंडलंडचा पोरगा, हाताने चपळ, जिभेने त्याहून. शरद ऋतूत तो हॅलिफॅक्सला जाणार होता, दुर्बीण आणि जाळी शिकायला. ते त्याने माझ्यापासून लपवून ठेवलं नव्हतं, आणि मी त्याला त्याबद्दल टोमणे मारायची एकही संधी सोडली नव्हती.

"हॅस्किन्सला जाळी का नको, डॉक्टर? उसवलेली केस आहे. पुस्तकात बघा."

"त्याला नकोय."

"त्याला नकोय की तुम्हाला?"

"तू हॅलिफॅक्सला गेलास की घाल हव्या तितक्या जाळ्या. मासे पण धर त्यात."

तो हसला. "तुमचं हे शिवणकाम म्हणजे आजीची गोधडी आहे, डॉक्टर. ऊब आहे, मान्य. पण आजी गेली की कोण शिवणार?" बोलून गेल्यावर तो ओशाळला. मी म्हटलं, "आजी अजून बसलीय," आणि जिना उतरले. उतरताना मी कठड्याला उजव्या हाताने धरलं नाही.

सकाळी हात धुताना मी पाणी गरम केलं, मग गार केलं. मनगटाला फरक कळत होता. हातमोजे चढवले की सगळ्यांचीच जाणीव थोडी बोथट होते, मी स्वतःला समजावलं, मग माझी थोडी जास्त बोथट झाली तर काय आभाळ कोसळणार आहे? हॅस्किन्स चालत आला, टेबलावर चढला, पडदा लागला. मी जागा बधिर केली. "इथे आता लागणार नाही," मी म्हणाले, "दाब कळेल, दुखणार नाही." तो म्हणाला, "कळलं तरी चालेल, उसवू नये म्हणजे झालं," आणि मग आधी दिलेल्या गोळीच्या गुंगीत धक्क्याबद्दल बोलत सुटला, यंदा बर्फाने धक्क्याच्या फळ्या कशा उचलल्या, सगळे खुंट पुन्हा कसे ठोकावे लागणार. त्याचा आवाज पडद्यापलीकडून येत राहिला आणि मी उघडत गेले. आत अपेक्षेइतकंच वाईट होतं. जुना धागा मांसात रुतलेला, थर एकमेकांना चिकटलेले. पूर्वी अशा जागी मी डोळे जवळपास मिटत असे. खरंच, नर्स माझी चेष्टा करायच्या. बोट थरांच्या मधे घालायचं, हलकेच सरकवायचं, जिथे वाट आहे तिथे ते आपणहून जातं. आज मी डोळे उघडे ठेवले. दिवा खाली ओढून घेतला. कॉल्मने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी प्रत्येक थर बघून उचलला, बघून कापला, बघून शिवला. तार खालून वर गेली, वरून खाली आली, पुन्हा वर. वेळ जास्त लागला, पण शिवण अशी झाली की पुस्तकात छापावी. इतकी देखणी शिवण मी आयुष्यात घातली नव्हती. कॉल्मसुद्धा म्हणाला, "वा, आजी." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काहीतरी खटकत होतं.

मग वरच्या वाटेत मी बोट ठेवलं. "मिस्टर हॅस्किन्स, खोकून दाखवा."

तो खोकला. पोट हललं, कापड हललं, माझं बोट हललेलं मला दिसलं. बोटाला काही कळलं नाही. चांगल्या शिवणीत बोटाला काही कळू नये, हेच तर अपेक्षित असतं. टिचकी येत नाही, आतून कुणी वाजवत नाही, भिंत जागच्या जागी असते, मग बंद करायचं. मी तीस वर्षं हेच तर बोटाला विचारत आले, आतून कुणी वाजवतंय का, आणि नाही म्हटलं की निश्चिंत होत आले. आता ते नाही म्हणत होतं आणि मला कळत नव्हतं की पलीकडे कुणी नाही म्हणून ते नाही म्हणतंय की दारच बहिरं झालंय.

"पुन्हा."

तो पुन्हा खोकला. मी हात बदलला, डाव्या हाताचं बोट घातलं. त्याला काहीतरी लागलं, नक्की लागलं, पण ते बोट शाळेत गेलेलं नाही. अक्षर समोर होतं, वाचता येत नव्हतं. नर्सने टाक्यांचं साहित्य पुढे केलं होतं, कातडी शिवायचं. वकील म्हणाला, शिवण बघ ना, किती सुंदर आहे, बंद कर, जेवायची वेळ झाली. मी त्याचं ऐकणार होते. इतक्या जवळ आले होते मी त्याचं ऐकायच्या, की हात साहित्याकडे गेलासुद्धा. पण हॅस्किन्स पडद्यापलीकडून म्हणाला, "झालं का, डॉक्टर? उचलू ना मग नातीला?"

"कॉल्म," मी म्हणाले, "तू बोट घाल."

आमच्याकडे शेवटचं बोट शिवणाऱ्याचं असतं. दुसऱ्याचं कधी नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या शिवणीत बोट घालणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालण्यासारखं. कॉल्मने मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याला कळलं, आणि त्याचे डोळे एकदम लहान मुलासारखे झाले. त्याने बोट घातलं.

"मिस्टर हॅस्किन्स, खोका बघू जरा."

हॅस्किन्स खोकला. कॉल्मने बोट जरा वर सरकवलं. "पुन्हा," तो म्हणाला. मग अगदी हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं: "वरच्या कोपऱ्यात येतंय. चांगलं येतंय, डॉक्टर. माझं अख्खं टोक जातंय."

मी वाकून पाहिलं. डोळ्याला तिथे फट दिसत नव्हती. आता कळल्यावरही नाही.

"वरची तार काढ," मी म्हणाले. "तिथपासून पुन्हा घे. घट्ट किती, ते तुझं तू ठरव." आणि सुईचा चिमटा त्याच्या हातात देऊन मी टेबलाला वळसा घातला, पडद्याच्या त्या बाजूला जाऊन हॅस्किन्सच्या उशाशी स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत मी या बाजूला कधी बसले नव्हते. इथून पेशंटला फक्त छत दिसतं आणि हिरवं कापड.

"तुम्ही इकडे कशा?" हॅस्किन्स म्हणाला. गुंगी उतरत होती. "मग तिकडे कोण आहे?"

"डॉक्टर ड्वायर. एक जागा सैल राहिली होती. ते नीट करतायत."

"सैल कुणी ठेवली?"

"मी."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जवळून त्याचा चेहरा फार म्हातारा होता. "तुम्ही? का?"

"माझ्या बोटांना कळेनासं झालंय, मिस्टर हॅस्किन्स. या तीन." मी त्याला हात दाखवला, रक्ताने माखलेल्या मोज्यातला. का दाखवला कुणास ठाऊक. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पडद्यापलीकडे चिमट्याचा आवाज थांबला होता. नर्स थांबल्या होत्या.

"आज झालं हे?"

आज, म्हणायला काहीच हरकत नव्हती. आज म्हटलं असतं तर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली असती, कुणीतरी मला घरी सोडायला आलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "हिवाळ्यापासून."

त्याने मान पुन्हा छताकडे वळवली. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. तो धंदेवाला माणूस होता, बोटी विकणारा, त्याने एखादं इंजिन बिघडलं तर त्याच खेपेतली बाकीची इंजिनं कुठे कुठे गेली असा विचार करावा तसा विचार केला असणार.

"मग हिवाळ्यापासून तुमच्या हाताखालून जी माणसं गेली," तो म्हणाला, "ती आता कुठं आहेत?"

मला ती दिसली. नावं नाही, मला नावं राहत नाहीत. त्यांचं खोकणं आठवलं. एक जण शाळेतल्या मुलासारखा तोंडावर मूठ धरून खोकायचा. एकाला खोकताना हसू यायचं. एक पाद्री होता, तो आधी माफी मागायचा. त्या प्रत्येकाला मी म्हटलं होतं, छान, झालं. प्रत्येक जण टेबलावरून उतरून, माझा दंड धरून, आपल्या पायांनी चालत बाहेर गेला होता.

"घरी," मी म्हणाले.

"त्यांना कुणी सांगितलंय?"

"नाही."

"मग ते उचलत असतील," हॅस्किन्स म्हणाला. "आपापल्या नाती."

कॉल्मने पडद्यावरून डोकं काढलं. "मिस्टर हॅस्किन्स," तो म्हणाला, "खोकून दाखवा." हॅस्किन्स माझ्याकडे बघत खोकला. कॉल्म खाली वाकला, थांबला, आणि म्हणाला, झालं, आता येत नाही. मग त्याने कातडी शिवायला घेतली, आणि मी मोजे काढून फोनपाशी गेले.